चाळीस मोजेपर्यंत

सत्तरावर येऊन पट्टी जराशी अडखळली, आणि बाकावर बसलेल्या माइन्झा मुलेयानं झटकन मान वर केली. आपलाच खोकला दुसऱ्या कुणाच्या घशातून ऐकू यावा, तसं काहीसं झालं. औषधखिडकीच्या जाळीतून आतला संगणक अर्धाच दिसत होता. म्हातारा, पिवळटलेला, मागे पोट सुटलेला. त्याच्या पडद्यावर एक हिरवी पट्टी डावीकडून उजवीकडे सरकत आली होती, सत्तर टक्क्यांवर तिनं दोन श्वास घेतले, जणू चढ लागलाय, आणि मग पदर सावरल्यासारखी पुन्हा चालू लागली. तिला तिथं थांबायचं काही कारण नव्हतं. चढ नव्हता, ओझं नव्हतं. ती थांबली, कारण नऊ वर्षांपूर्वी माइन्झानंच तिला तिथं थांबायला शिकवलं होतं. एवढ्या वर्षांत तिनं एकही गुरुवार चुकवलेला दिसत नव्हता. पट्टी शंभरावर टेकली, तिच्याखाली 'पूर्ण' असं उमटलं, आणि खिडकीमागच्या लिकांडोनं त्याच क्षणी संगणकाच्या बगलेतून इंटरनेटचं डोंगल उपटलं. त्या डोंगलला दोरीनं हातभर लांबीचं लाकूड बांधलेलं होतं, म्हणजे कुणाच्या खिशातून घरी जायला नको. "लॅब!" लिकांडो ओरडला आणि ते लाकूड त्यानं दारातून बाहेर धरलं. लॅबमधल्या मुलीनं ते उचललं. मुकुयू दवाखान्यात इंटरनेट एक होतं आणि खोल्या तीन, आणि भांडणं होऊ नयेत म्हणून नियमही एकच होता: पट्टी भरली की सोडायचं. नियम चांगला होता. तो करणाऱ्याचा पट्टीवर विश्वास होता, एवढंच.

"झालं का रे त्याचं?" शेजारी बसलेल्या मुतिंटानं विचारलं. ती माइन्झाची मोठी बहीण, त्याच्याहून अकरा वर्षांनी थोरली. ऑक्टोबरच्या उकाड्यात लुसाका तापल्या तव्यासारखं झालं होतं आणि ती कमरेला गुंडाळलेल्या चितेंगेच्या टोकानं वारा घेत होती, डाव्या हातानं, कारण उजव्या हाताची बोटं तरुणपणीच विस्तवात आखडून गेली होती. "झालं, ताई," तो म्हणाला, आणि आपण सवयीनं म्हणालो हे त्याच्या लक्षात आलं. 'पूर्ण' लिहिलं होतं ना. 'पूर्ण' हे त्यानंच लिहिलं होतं. हिरव्या रंगात, कारण लाल रंगानं लोक घाबरतात, असं साकालांचं मत होतं.

साकाला म्हणजे माइन्झा जिथं प्रोग्राम लिहायचा त्या त्सेत्से सिस्टिम्सचे मालक. कंपनीला झोप आणणाऱ्या माशीचं नाव देणारा हा बहुधा पृथ्वीवरचा एकमेव उद्योजक. त्यांच्या मते माशी चिवट असते आणि चावल्यावर विसरत नाही. काम सरकारी होतं, साधं होतं. बाजारातून परत बोलावलेल्या औषधांची यादी दर गुरुवारी देशभरातल्या दवाखान्यांनी उतरवून घ्यायची, छापायची, खिळ्याला अडकवायची, आणि त्या यादीत ज्या गोळीचा बॅच नंबर असेल ती कुणाला द्यायची नाही. "आणि बा मुलेया, पट्टी हवी," साकाला म्हणाले होते; कुणाच्याही नावाला ते आदरानं 'बा' लावत. "माणूस पट्टीशिवाय थांबत नाही. बायको, बस आणि मंत्री, यांना पट्टी नसते म्हणूनच लोक वैतागतात." नव्या ब्राउझरांत पट्टी म्हणजे खेळ होता. फाइल उतरत असताना ते घडीघडीला वर्दी देत: इतकं आलं, एकूण इतकं यायचंय. भागाकार केला की पट्टी. पण दवाखान्यांत नवे ब्राउझर नव्हते. तिथले संगणक कुठल्या तरी थंड देशातल्या शाळांनी टाकून दिलेले, दान म्हणून आलेले, आणि त्यांवरचा जुनाट ब्राउझर बदलायचा नाही असा लेखी हुकूम होता, कारण क्षयरोग्यांची नोंदवही फक्त त्यातच उघडत असे. हा म्हातारा ब्राउझर वर्दीच देत नसे. फाइल चालू झाली की तोंडात गुळणी धरून बसायचा. त्यातला एक प्रकार तर असा, की मधूनमधून नुसतं 'येतंय' म्हणायचा. किती आलं, किती उरलं, चकार शब्द नाही. पंगतीत म्हाताऱ्याला विचारावं, आजोबा, वाढू का, झालं का, आणि त्यानं मान हलवावी, आणि ती होकाराची की म्हातारपणाची ते कळू नये.

माइन्झा तीन आठवडे त्या गुळणीशी झगडला. मग एका दुपारी त्यानं हात टेकले आणि घड्याळ लावलं. ब्राउझर काही बोलत नसेल तर पट्टी घड्याळावर चालवायची. शून्यापासून शंभरापर्यंत, चाळीस सेकंद. ऑफिसात ती यादी नऊ सेकंदांत उतरत होती, दोन पानं तर होती. चाळीस म्हणजे चैन. चाळीसच का, पन्नास का नाही, असं तेव्हा कुणी विचारलं नाही, त्यानं स्वतःलाही विचारलं नाही. बोटं आपोआप तो आकडा टाइप करून मोकळी झाली, पायांनी घरची वाट धरावी तशी. आणि पट्टी फार गुळगुळीत सरकते, खोटी वाटते, म्हणून त्यानं सत्तरावर दोन सेकंदांचा थांबा घातला. साकालांनी ते पाहिलं आणि त्यांचे डोळे पाणावले. "खरी वाटते," ते म्हणाले. "अगदी खऱ्याहून खरी." वर आणखी एक भलाई त्यानं केली होती. लाइन मध्येच तुटली तर सगळं वाया जाऊ नये, म्हणून यादी ओळ-ओळ करून साठवायची सोय. जेवढं आलं तेवढं पदरात. दोन भलाया. एकेकट्या पाहिल्या तर दोन्ही निरुपद्रवी होत्या, सज्जन होत्या. आता त्या खिडकीमागे हातात हात घालून उभ्या होत्या.

कारण लिकांडोनं छापलेला कागद खिळ्याला अडकवला, आणि पंख्याच्या वाऱ्यानं तो वळून माइन्झाकडे तोंड करून राहिला. सात पानं. नऊ वर्षांत यादी दोन पानांची कितीची झाली असेल? औषधं वाढली, कंपन्या वाढल्या, चोरही वाढले. शेवटच्या पानावर अर्ध्यात ओळी संपल्या होत्या. खाली कोरं. माइन्झा उठला, खिडकीशी गेला, जाळीला नाक लावलं. यादी औषधांच्या नावांनी लावलेली, इंग्रजी अक्षरांच्या क्रमानं. शेवटची ओळ 'सल्ब' इथं तुटली होती. श्वास मोकळा करणाऱ्या औषधाचं नाव, आणि पहिल्याच श्वासाला अडकलेलं. म्हणजे एस. एसपर्यंतच. पुढची सगळी अक्षरं देशात औषधंच नसल्यासारखी गायब. ज्यांचं औषध ए किंवा बी पासून सुरू होत होतं त्यांची सरकार चोख काळजी घेत होतं. मुतिंटाची गोळी व्हीपासून होती.

"काय रे चिंबुया," लिकांडो आतून म्हणाला, "जाळी चाटतोयस होय? मीठ नाही तिच्यात. गाईंना ठेवतो ते चाटण वेगळं." बाकावर खसखस पिकली. लिकांडो लोझी जमातीचा, आणि मुलेया हे नाव ऐकताच त्याला कळलं होतं की हे टोंगा. त्यामुळे सकाळपासून त्याची जीभ सैल सुटली होती. आज्या-पणज्यांच्या काळात नदीकाठच्या लोझींनी टोंगांची गुरं वळवून नेली, पुढे मारामारी संपली आणि टवाळी उरली. दोन्हीकडची माणसं एकमेकांना चिंबुया म्हणतात, आणि चिंबुयाच्या बोलण्याचा राग धरायचा नसतो. धरला तर तुमचंच हसं. "मासेखाऊ," मुतिंटानं बसल्या जागेवरून टोला हाणला, "गोळ्या दे माझ्या. की त्याही नदीपार पळवून नेल्यास?" "देतो, गुराखीणबाई, देतो. तीन महिन्यांच्या देतो. आंबट दुधाबरोबर घेऊ नका, पोटात गोळीलाच झिंग येईल." त्यानं खिळ्याच्या कागदावरून बोट फिरवलं, बोट शेवटच्या ओळीपर्यंत इमानदारीनं गेलं, आणि पट्ट्या पाकिटात घालून त्यानं खिडकीतून सरकवल्या. चोख काम. कागदात जे होतं ते त्यानं सगळं पाहिलं होतं.

माइन्झानं पाकीट हातात घेतलं. पट्टीच्या कडेला आकडा होता, ४४१७. हाच आकडा जुलैत नेलेल्या पट्ट्यांवरही होता का? आठवेना. आठवला तो चमचा. ऑगस्टात एका सकाळी मुतिंटाच्या हातातून चमचा पडला होता. तिनं उचलला, हसली. मग सप्टेंबरात कप. परवा मक्याच्या पिठाची नशिमा ढवळता ढवळता ती मध्येच थांबली, दोन श्वास, ढवळणी हातात तशीच, डोळे भिंतीवर, आणि मग जणू काही झालंच नाही अशी पुन्हा ढवळायला लागली. "वय झालं रे," म्हणाली. त्यानं मान हलवली होती आणि फोनकडे पाहिलं होतं. होकाराची मान की कसली, कोण जाणे.

मोंझे गावाजवळच्या लहानपणच्या घरात तो सहा वर्षांचा होता आणि ती सतरा. ती चुलीपाशी असायची, आणि मग एकदम चुलीपाशी नसायची, म्हणजे असायची, पण तिच्यातलं कुणी तरी उठून बाहेर गेलेलं असायचं. चेहरा थांबायचा. दोन श्वास. मग ती पडायची आणि तिचे हातपाय दुसऱ्याच कुणाचे तरी व्हायचे. पहिल्यांदा तो किंचाळला होता. आईनं त्याच्या मुस्काटात मारली नाही, जवळ घेतलं नाही, म्हणाली, "मोज." म्हणून तो मोजायचा. बहिणीचं डोकं मांडीवर कुशीला वळवून, तोंडातला फेस चितेंगेनं पुसत, एक, दोन, तीन. किती झालं आणि किती उरलं ते कुणालाच सांगता यायचं नाही. झटका वर्दी देत नाही. पण चाळीसच्या आत तो ओसरायचा. नेहमी. पस्तीस, सदतीस, एकदा एकोणचाळीस. चाळीस ही माइन्झाच्या जगाची भिंत होती. भिंतीपलीकडे काय आहे हे त्यानं कधी पाहिलं नव्हतं, आणि म्हणूनच पलीकडे काही नाही असं त्याला वाटायचं. एकदाच तो घरी नव्हता, मोजायला कुणी नव्हतं, आणि तिचा हात चुलीत राहिला. त्याच हातानं पुढे तिनं रस्त्याकडेला बसून आंबट दूध विकलं आणि त्याला शाळेत धाडलं, मग लुसाकाला धाडलं, संगणक शिकायला. फिटांवरची गोळी मिळाली तेव्हापासून अकरा वर्षं चेहरा थांबला नव्हता. आणि जो आकडा सहा वर्षांच्या पोरानं भीतीनं पाठ केला तोच छत्तिसाव्या वर्षी त्यानं अख्ख्या देशाच्या दवाखान्यांना लावून दिला, हे त्याला आत्ता, जाळीला नाक लावून उभं असताना कळत होतं. एकशे बारा दवाखाने. चाळीसच्या आत सगळं होतंच.

आणि हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं असंही नाही. नासिलेलेनं सांगितलं होतं. ती त्सेत्सेमध्ये तपासनीस. इतरांच्या कामातल्या चुका काढायचा पगार घ्यायची आणि तो पुरेपूर फेडायची. तीही लोझी. त्यामुळे चार वर्षं दोघं एकमेकांशी एकही सरळ वाक्य बोलले नव्हते. ऑफिसात नियम होता: चिंबुयावर जो चिडेल त्यानं सगळ्यांना तळलेली कोंबडी चारायची. "अरे गुराख्या," पट्टी पाहून ती अख्ख्या ऑफिसला ऐकू जाईल अशी म्हणाली होती, "तुझी पट्टी तुमच्या लोकांवरच गेलीय. बैल अजून नदीपलीकडे चरतोय, आणि तुम्ही इकडे गोठ्याला कडी लावून मोकळे!" सगळे हसले. "बैल नदीपलीकडे गेला कसा," माइन्झा म्हणाला, "ते तुझ्या आज्याला विचार." सगळे आणखी हसले. साकाला तर टेबलावर थापा मारायला लागले. दुसऱ्या दिवशी ती पुन्हा आली. "तुझं 'पूर्ण' म्हणजे टोंग्याचं तोंड. दात नाहीत, पण हसतंय." पुन्हा हशा; समोरचे दात पाडून घ्यायची टोंगांची जुनी चाल सगळ्यांना ठाऊक होती. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी ती त्याच्या टेबलापाशी येऊन उभी राहिली, पर्स खांद्याला, घरी निघालेली, आणि हळूच म्हणाली, "माइन्झा. यादी मोठी झाली तर काय होईल? मी खरंच विचारतेय." खरंच! त्यानं खुर्ची मागे रेलली आणि हाळी दिली, "ऐका हो, लोझी बाई खरंच विचारतेय! तारीख लिहून ठेवा रे कुणी तरी!" हशाचा असा गडगडाट झाला की खालच्या मजल्यावरचा शिंपी वर बघायला आला. नासिलेले क्षणभर तशीच उभी राहिली. मग तीही हसली. हसावंच लागतं, कोंबडी कुणाला परवडते. तो क्षणभर त्यानं तेव्हा पाहिला नव्हता, की पाहिला होता? आज तो अगदी स्पष्ट दिसत होता: तिचा पर्सच्या पट्ट्यावरचा हात, आणि चेहरा, सत्तरावर थांबलेला.

गेल्या वर्षी ती वारली. मयताला चिंबुयांचा मान असतो, तो गेला, कपाळाला पीठ फासून, बायकांच्या रडण्यात घुसून, शवपेटीवर थाप मारून म्हणाला, "ऊठ गं मासेखाऊ, नाटकं पुरे, अजून नव्याण्णवच झालेत!" तिची आईसुद्धा हसली, डोळे पुसत. त्या दिवशी सगळे म्हणाले, माइन्झानं नातं राखलं. ती कशानं गेली ते त्यानं विचारलं होतं, आणि कुणी तरी म्हणालं होतं की बरेच दिवस औषध चालू होतं, चांगलं लागू पडत होतं, मग एकाएकी लागू पडेनासं झालं. कुठलं औषध, ते विचारायचं त्याला सुचलं नव्हतं. कशापासून सुरू होतं त्याचं नाव? आता विचारायला ती नव्हती, आणि तिच्या आईकडे जाऊन औषधाचं पहिलं अक्षर विचारणाऱ्या माणसाला लोक काय म्हणतील? काही नाही. हसतील. चिंबुया आलाय म्हणतील.

"लिकांडो," तो जाळीतून म्हणाला. "ही यादी अर्धी आहे. डोंगल परत आण. पुन्हा उतरव."

लिकांडोनं चष्मा कपाळावर चढवला. "अर्धी? समोर 'पूर्ण' लिहिलंय, चिंबुया. की समोरचे दात पाडले की अक्षरंही फटीतून निसटतात?"

"ते 'पूर्ण' खोटं आहे. ते मीच लिहिलंय."

बाकावर हशा फुटला. बाळाला पाजत बसलेली एक बाई एवढी हसली की बाळानं स्तन सोडून तिच्याकडे पाहिलं. "तू लिहिलंस!" ती म्हणाली. "आणि करिबाचं धरण पण तूच बांधलंस वाटतं?" "धरण नाही," लिकांडो म्हणाला, "धरणात बुडालेली गावं यांची, टोंगांची." "ऐक माझं," माइन्झा म्हणाला, "मी चेष्टा करत नाहीये." आणि हे वाक्य तोंडातून बाहेर पडताच त्याला कळलं की चेष्टेच्या दुकानात याहून जुना माल नाही. प्रत्येक चिंबुया हेच म्हणतो. चांगला चिंबुया तर डोळ्यांत पाणी आणून म्हणतो. "वा!" लिकांडोनं दाद दिली. "घाम बघा त्याचा! अरे, कुठं शिकलास हे?" माइन्झानं जाळीवर मूठ आपटली, आणि ऑफिसचा नियम त्याच्याच तोंडून ऐकलेली मुतिंटा मागून हसत ओरडली, "रागावला! रागावला! कोंबडी लागू!" मागे वळून पाहिलं तेव्हा तिनं पाण्याची बाटली तोंडाला लावलेली होती. कधी त्याच्या हातातून तिनं पाकीट घेतलं, कधी गोळी काढली? काल रात्रीचीच शेवटची होती. सकाळची चुकली होती. हात धरावा का? गोळी न घेणं हेही तिच्यासाठी विषच, आणि ही घेणं म्हणजे कदाचित न घेणंच. तो बघत राहिला. गोळी गळ्यातून खाली गेलेली दिसली. तीही पोटात जाऊन 'पूर्ण' म्हणाली असणार.

लॅबमधली मुलगी लाकूड परत घेऊन आली तेव्हा त्यानं ते तिच्या हातातून जवळजवळ हिसकावलं, बाजूच्या दारानं सरळ आत शिरला आणि डोंगल संगणकाच्या बगलेत खुपसलं. "अरे अरे अरे," लिकांडो म्हणाला, पण हसतच. टोंगानं लोझ्याच्या घरात घुसून काही नेणं हा खेळातला न्याय्यच डाव होता, दोनशे वर्षांची बाकी होती. बाकावरची माणसं जाळीशी जमली. पट्टी निघाली. दहा. तीस. पन्नास. माइन्झाला तिच्याकडे बघवेना. इतकी शहाणी, इतकी समजूतदार पोर. सत्तरावर तिनं दोन श्वास घेतले. "बिचारी दमली," कुणी तरी म्हणालं. नव्वद. शंभर. 'पूर्ण'. लिकांडोचा हात सवयीनं बगलेकडे गेला, आणि माइन्झानं तो मनगटात धरला. "सोड, चिंबुया." "नाही." "लॅबवाल्यांची पाळी आहे." "नाही." "अरे, भरली ना पट्टी!" "खाली बघ," माइन्झा म्हणाला.

भरलेल्या पट्टीच्या खाली, पडद्याच्या तळाशी, ओळी अजून येत होत्या. एकेक, मुंग्यांसारख्या, वर उत्सव संपल्याची खबर नसलेल्या. 'सल्ब' पुरी झाली. मग एसच्याच आणखी. टी. पुन्हा टी. लिकांडोच्या मनगटाची नाडी माइन्झाच्या बोटांना लागत होती आणि ती हळूहळू बदलत होती. हसणाऱ्या माणसाची नाडी निराळी असते, हे त्याला ठाऊक नव्हतं. "हे दर गुरुवारी येतं का?" लिकांडो पुटपुटला. "आम्ही काढून टाकल्यावर...?" त्यानं वाक्य सोडून दिलं. यू. व्ही. व्हीच्या ओळी आल्या तशी त्यानं दुसऱ्या हाताची तर्जनी पडद्याला लावली, शाळेतल्या मुलासारखी, आणि ती एका ओळीवर थांबली. औषध तेच. कंपनी तीच. बॅच ४४१७. कारण: गोळीत औषधाचा अंश अपुरा. परत बोलावल्याची तारीख: सहा मे.

लिकांडोनं चष्मा कपाळावरून खाली ओढला आणि पुन्हा वाचलं. मग तो मागच्या फडताळाकडे वळला. तिथं त्याच पाकिटांची चळत होती, नीट रचलेली. त्याचे ओठ हलत होते. मेपासूनचे गुरुवार तो मोजत होता की मेपासूनचे चेहरे, सांगता आलं नसतं. मग त्यानं माइन्झाकडे पाहिलं.

"बा मुलेया," तो म्हणाला. "जरा बसता का आपण."

आपण. जाळीशी जमलेली माणसं एकेक पाऊल मागे सरकली. लोझी टोंगाला 'बा' म्हणाला, अहो म्हणाला, म्हणजे कुणी तरी मेलं असावं, किंवा मरायच्या बेतात असावं. दुसरं कारण त्यांना माहीत नव्हतं. बाळवाल्या बाईनं बाळ छातीशी घट्ट धरलं. एकटी मुतिंटा, बाकावरच राहिलेली, अजून हसण्याच्या भरात होती. "काय रे मासेखाऊ," ती ओरडली, "काटा अडकला का घशा..."

माइन्झानं वळून पाहिलं. तिचा चेहरा थांबला होता. तोंड उघडं, हसू तसंच, डोळे समोरच्या भिंतीवर. एक श्वास. दुसरा श्वास. त्याला वाटलं, आता ती पदर सावरून पुन्हा चालू लागेल; तो तर तसाच शिकवून ठेवलेला थांबा होता. बाटली आधी पडली आणि गडगडत खिडकीखाली आली. तो दारातून बाहेर धावला, बाकाला गुडघा आपटला, तिचं डोकं फरशीला लागायच्या आत त्याच्या तळव्यात आलं. मांडी. कुशीला वळव. चितेंगे. हात सहा वर्षांच्या पोराचे होते, त्यांना सगळं येत होतं. मागे लिकांडो नर्सच्या नावानं हाका मारत पळत सुटला. कुणी तरी म्हणालं, चमचा द्या तोंडात, आणि कुणी तरी म्हणालं, हात लावू नका. माइन्झानं मोजायला सुरुवात केली होती. नऊ, दहा. आखडलेली बोटं त्याच्या सदऱ्यात अडकून ओढ घेत होती. वीस. लॅबच्या दारातून ती मुलगी ओरडली, "पट्टी भरली ना तुमची? मग डोंगल सोडा की!" तीस. एकतीस. जाळीतून पडद्याचा कोपरा दिसत होता, तिथं हिरव्यात 'पूर्ण' लिहिलेलं होतं, आणि त्याच्या खाली ओळी येतच होत्या. सदतीस. आता ओसरेल. नेहमी ओसरतो. अडतीस. एकोणचाळीस. तिची टाच फरशीवर आपटत होती, एका लयीत, दमल्याचं काही चिन्ह नाही. चाळीस.

तो तिच्या चेहऱ्याकडे वाकला आणि थांबला. पुढचा आकडा त्याला ठाऊक होता, सगळ्यांनाच ठाऊक असतो.

"एक्केचाळीस," तो म्हणाला.